सेकंदाला तीन हजार रुपये: वजनरहित उड्डाणाला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

लास व्हेगासहून झीरो-जी कंपनीच्या विमानात तरंगून आले, तेव्हापासून नाशिकच्या आमच्या सोसायटीत मला 'अंतराळवाल्या काकू' म्हणतात. मी अंतराळात गेले नव्हते. मुंबई-दिल्ली विमान जातं साधारण तेवढ्याच उंचीवर गेले होते, फक्त ते विमान सरळ उडत नव्हतं. एवढा खुलासा करूनही लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तेच तीन प्रश्न विचारतो: किती खर्च आला, व्हिसात काय सांगितलं, आणि उलटी झाली का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नोकरी आयुष्यभर बँकेच्या परकीय चलन विभागात झाली, त्यामुळे पैशांवर जरा जास्त बोलेन, ते चालवून घ्या.

१. आधी कुठल्या पायरीवर चढायचंय ते ठरवा

'स्पेस टूरिझम' या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

सर्वांत खालची पायरी म्हणजे पॅराबोलिक उड्डाण. विमान साधारण ४५ अंशात नाक वर करून चढतं, मग वैमानिक ते असं सोडतो की वर फेकलेल्या चेंडूच्या वाटेनेच ते जातं आणि खाली येतं. तुम्हीही त्याच वाटेने, त्याच वेगाने पडत असता. पायाखालची जमीनच तुमच्याबरोबर पडतेय म्हटल्यावर ती तुम्हाला वर ढकलणार कशी? म्हणून वजन जाणवत नाही. गुरुत्वाकर्षण कुठेही गेलेलं नसतं. अगदी चारशे किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकातही ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं, तिथले लोकही पडतच असतात. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो, तोच हा गोळा, फक्त वीस-बावीस सेकंद टिकणारा.

मधली पायरी सबऑर्बिटल, म्हणजे अंतराळाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन, पृथ्वीभोवती फेरी न मारता, खाली येणं. व्हर्जिन गॅलॅक्टिकचं रॉकेटविमान न्यू मेक्सिकोतून ८०-९० किलोमीटरपर्यंत जायचं, ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्डने टेक्सासमधून लोकांना १०० किलोमीटरच्या वर नेलं. वर वजनरहित मिनिटं मिळतात तीन-चार. १९ मे २०२४ ला आंध्रचे गोपी थोटाकुरा न्यू शेपर्डमधूनच जाऊन आले.

वरची पायरी कक्षेत जाण्याची. २००१ मध्ये डेनिस टिटो सुमारे २ कोटी डॉलर मोजून रशियाच्या सोयुझ यानाने अंतराळ स्थानकावर गेले, ते स्वतःच्या पैशाने गेलेले पहिले पर्यटक. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीच्या, म्हणजे अ‍ॅक्सियमच्या पहिल्या मोहिमेतल्या जागेचा दर ५.५ कोटी डॉलर असल्याचं छापून आलं होतं. (शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अ‍ॅक्सियमच्याच चौथ्या मोहिमेतून गेले, पण ते सरकारने पाठवलेले अंतराळवीर. त्यांना पर्यटक म्हणू नका.)

आता माझा आवडता हिशेब. डॉलर ९० रुपये धरते. माझ्या उड्डाणाचं तिकीट ९,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे ८ लाख १० हजार. पूर्ण वजनरहित फेऱ्या १२, प्रत्येकी २२ सेकंद, एकूण २६४ सेकंद. सेकंदाला ३,०६८ रुपये. व्हर्जिन गॅलॅक्टिकचा २०२१ मधला दर साडेचार लाख डॉलर, म्हणजे ४ कोटी ५ लाख रुपये. साडेतीन मिनिटं धरली तर सेकंदाला जवळपास १ लाख ९३ हजार! आणि अ‍ॅक्सियमची ती पहिली मंडळी १७ दिवस वर होती. ४९५ कोटींना १७ दिवसांच्या सेकंदांनी भागा: ३,३७०.

म्हणजे घाऊकात घ्या नाहीतर किरकोळीत, वजनरहित सेकंदाचा भाव तोच. मारला जातो तो मधला. अर्थात मधल्याला काळं आकाश आणि पृथ्वीची गोलाई दिसते, मला पांढऱ्या गाद्या लावलेलं छत दिसलं, हा फरक मान्य. पण तुम्हाला तरंगायचंच असेल तर नोकरदार घराने पहिल्या पायरीपलीकडे बघू नये.

२. कुठून उडायचं

भारतात सर्वसामान्य प्रवाशांसाठी असं उड्डाण नाही. आपल्यासाठी मुख्य पर्याय दोन.

अमेरिकेत झीरो-जी. २००४ पासून लोकांना नेतात, तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाची, एफएएची, मान्यता आहे. विमान बोइंग ७२७. मागच्या भागात खुर्च्या, पुढे सगळं मोकळं आणि गादीचं. एकूण १५ फेऱ्या: एक मंगळाच्या वजनाची, दोन चंद्राच्या, बारा शून्याच्या. वय किमान ८ वर्षं. वरच्या वयाची धास्ती घेऊ नका. स्टीफन हॉकिंग २००७ मध्ये ६५ व्या वर्षी याच विमानातून तरंगले, तेही डॉक्टर-नर्सच्या ताफ्यासह. सुरुवातीच्या काळात तिकीट तीन हजार डॉलरच्या आसपास होतं, आता तिप्पट झालंय. एकाच शहरातून रोज उड्डाण नसतं. विमान वेगवेगळ्या शहरांत फिरतं, त्यामुळे आधी वेळापत्रक, मग शहर.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळून नोव्हस्पेसचं एअरबस ए-३१० उडतं. हे विमान पूर्वी जर्मन सरकारच्या सेवेत होतं. ते मुळात शास्त्रज्ञांच्या प्रयोगांसाठी उडतं, २०१३ पासून सामान्य लोकांसाठीही काही उड्डाणं ठेवतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: पॅराबोलाच्या वेळी वैमानिक तिघं असतात. एक नाक वर-खाली सांभाळतो, दुसरा पंख समतोल ठेवतो, तिसरा फक्त इंजिनाचा जोर. इथे वय १८ पूर्ण हवं. नातवाला कधीतरी न्यायचं मनात होतं, म्हणून मी अमेरिकेची माहिती काढत राहिले आणि शेवटी तिथेच गेले. शिवाय मुलगा कॅलिफोर्नियात, राहायची सोय फुकट.

३. व्हिसा आधी, तिकीट नंतर

उत्साहाच्या भरात लोक इथेच फसतात. उड्डाणाचं तिकीट रद्द केलं तर पैसे परत येणार नाहीत, असं धरूनच चाला आणि अटी दोनदा वाचा. मुंबईत अमेरिकी पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने जाऊ शकतात. हातात व्हिसा नसताना आठ लाख अडकवू नका.

अमेरिकेसाठी बी-१/बी-२ व्हिसा, डीएस-१६० अर्ज, १८५ डॉलर शुल्क. आधी बोटांचे ठसे, मग बीकेसीत मुलाखत. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा. त्याचं शुल्क ९० युरो, सोबत किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही.

मुलाखतीत कारण विचारलं तर 'पर्यटन' म्हणा. पुढे विचारलं तर "एका दिवसाचं पर्यटन उड्डाण आहे" एवढं सरळ सांगा. माझ्या पुढच्या खिडकीवरच्या एका मुलाने रॉकेट, नासा, झीरो ग्रॅव्हिटी असं भलं मोठं सुरू केलं आणि प्रश्न वाढवून घेतले. अधिकाऱ्याला एवढंच बघायचं असतं की तुम्ही परत येणार आहात.

नावाची एक अडचण खास आपली. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. उड्डाणाच्या नोंदणीत ते गाळून 'सुलभ' नाव लिहायचा मोह होतो. करू नका. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर.

४. पैसे पाठवणं

इथे जरा सावकाश वाचा.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. पॅराबोलिक तिकिटाला ही मर्यादा आडवी येत नाही. (व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या साडेचार लाखांना येते. कोट्यधीश असलात तरी एका पॅनवर ते तिकीट एका आर्थिक वर्षात बसत नाही. हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं.)

खरी मेख टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या आयकराची. १ एप्रिल २०२५ पासून एलआरएसमध्ये वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. एक तिकीट ८ लाख १० हजार, म्हणजे कापणी शून्य. पण नवरा-बायको दोघं जाणार आणि पैसे एकाच खात्यातून गेले, तर १६ लाख २० हजार होतात. वरच्या ६ लाख २० हजारांवर १ लाख २४ हजार आत्ता भरावे लागतात. ते विवरणपत्रात वळते होतात, बुडत नाहीत, पण तोवर अडकतात. उपाय साधा: ज्याचं तिकीट त्याच्या खात्यातून, त्याच्या पॅनवर.

आता सापळे.

एक, कार्ड. पस्तीस वर्षं ग्राहकांना जे सांगितलं तेच मी विसरले. जागा जाईल या भीतीने रात्री अकराला अर्धी रक्कम क्रेडिट कार्डाने भरली. परकीय चलनावर साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. ४ लाख ५ हजारांवर सोळा हजार सातशे रुपये हवेत गेले, तरंगायच्या आधीच. उरलेले पैसे शहाणपणाने बँकेतून पाठवले.

दोन, बँकेतून पाठवताना फॉर्म ए-२ भरताना मधल्या बँकांचा खर्च कोण सोसणार ते विचारतात. तिथे 'ओयूआर', म्हणजे खर्च पाठवणाऱ्याचा, हा पर्याय निवडा. नाहीतर वाटेत वीस-पंचवीस डॉलर कापले जातात, समोरच्याला रक्कम अपुरी मिळते आणि नोंदणी लोंबकळते. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही.

तीन, एजंट. एका एजंटने मला 'अंतराळ सहल' म्हणून हॉटेल, गाडी, उड्डाण सगळं मिळून असा आकडा सांगितला की मी त्याला पाणी मागितलं. उड्डाण कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः नोंदवता येतं. शिवाय भारतातल्या विक्रेत्याकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो, १० लाखांची सूट तिथे नाही.

चार, ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही अशांसाठी: परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांहून जास्त खर्च केला की विवरणपत्र भरावंच लागतं. मुलाने आईला भेट दिली की आई हे विसरते.

माझा एकूण खर्च: तिकीट ८.१ लाख आणि वर कर, मुंबईहून जाऊन-येऊन विमानभाडं सव्वा लाख, व्हिसा साडेसोळा हजार, लास व्हेगासचं हॉटेल, विमा, तो कार्डाचा दंड. सगळं धरून साडेदहा लाखांच्या पुढे. मुलाचं घर नसतं तर बारा.

५. तब्येत आणि विमा

प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर १.८ जी लागतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला आपण १०८ किलोचे झालो असं वाटतं. तेही पंधरा वेळा. हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कानाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणी जाऊच नका. माझ्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तदाब बघितला आणि "तुम्हाला काय सुचलंय हे?" असं विचारून सही केली.

विम्याच्या कागदावर 'यात काय बसत नाही' ही यादी वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी प्रकार बहुधा वगळलेले असतात. विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं आश्वासन नको.

६. सोबतचे कागद

- पासपोर्ट आणि व्हिसा, त्यांच्या दोन छायाप्रती
- उड्डाणाची नोंदणी आणि पैसे पोचल्याची पावती
- बँकेची एलआरएसची पावती (ही विवरणपत्र भरेपर्यंत जपा)
- आरोग्याची प्रश्नावली. फ्रान्ससाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्रही
- भरून सही केलेलं जोखीम स्वीकारल्याचं पत्र. ते आदल्या रात्री नाही, घरी असतानाच शांतपणे वाचा
- विमा आणि ते लेखी उत्तर

परतीचं विमान उड्डाणाच्या दिवशीचं काढू नका. हवामान किंवा यंत्रातल्या बिघाडाने तारीख सरकू शकते. दोन दिवस मोकळे ठेवा.

७. पोटाचा प्रश्न

मला कसारा घाटात हमखास गाडी लागते. एस.टी.त खिडकीची जागा, तोंडात आवळा सुपारी, तरी इगतपुरीला चेहरा पांढराफटक. त्यामुळे माझी सगळी भीती हीच होती. उलटी झाली नाही. ते कसं जमलं ते सांगते.

गोळी. गाडी लागू नये म्हणून डॉक्टर जी देतील ती आठवडाभर आधी घरी एकदा घेऊन बघा. काहींना तिने इतकी झोप येते की आठ लाखांची पेंग होईल. उड्डाणाच्या दिवशी तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. फ्रान्सला उड्डाणाआधी स्कोपोलामाइनचं इंजेक्शन देतात.

खाणं. उपाशी जाऊ नका. उपाशी गेलेलं बरं, हाच सगळ्यात मोठा गैरसमज. पोट रिकामं असलं की जास्त ढवळतं. आदल्या रात्री तेलकट-तिखट नको, दारू नको, पुरेशी झोप. सकाळी हलकं काहीतरी. मी दोन पाव आणि केळं खाल्लं.

मान. खरी गोम इथे आहे. जड वाटायला लागलं की गादीवर उताणं पडा, छतावरचा एक ठिपका धरा आणि डोकं हलवू नका. शेजारची बाई ओरडतेय म्हणून वळून बघितलंत की कानातला तोल बिघडतो आणि मग पिशवी शोधावी लागते. आमच्या गटातल्या ज्या दोघांना त्रास झाला, ते दोघंही जडपणात बसून फोटो काढत होते.

८. विमानात

अंगावर देतील तो सूट आणि मोजे. मोज्यांच्या रंगावरून गट ठरतो. दागिने आधीच उतरवा: बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र. मंगळसूत्र तरंगून नाकासमोर येतं हे ऐकायला छान वाटतं, पण शेजारच्याच्या डोळ्यात जातं. केस घट्ट बांधा, चष्म्याला दोरी लावा. छातीवर नावाची पट्टी उलटी लावलेली असते, चूक समजून ती सरळ करू नका. पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी ती पद्धतच आहे, उतरल्यावर ते लोकच सरळ करतात.

विमान २४ हजार ते ३२ हजार फुटांमध्ये वर-खाली करतं. पहिली फेरी मंगळाची. एका हातावर दंड मारता येतात, माझ्यासारखीला सुद्धा. मग चंद्राच्या दोन, ६० किलोचे १० किलो होतात. या तीन फेऱ्यांत शरीराला सवय लावून घ्या, घाई नको.

शून्याची पहिली फेरी बहुतेकांची वाया जाते. माझीही गेली. घाबरून पाय झाडले, छताला आपटले, खाली कोणाच्या तरी पोटावर आले. पोहायचे हातवारे करून काही होत नाही, हवेला तेवढा धर नसतो. पीठ चाळताना चाळणीला देतो तेवढा बोटाचा हलका धक्का द्या, पुरे. "फीट डाउन" असं ओरडतात तेव्हा पाय जमिनीकडे करून लगेच खाली या. ती सूचना ऐकू आली नाही असं करू नका, कारण पुढच्या दोन सेकंदांत तुमचं वजन पावणेदोन पट होऊन परत येणार असतं.

चौथ्या-पाचव्या फेरीला मी नुसती पडून राहिले आणि जमीन माझ्या पाठीखालून निघून गेली. मी उठले नव्हते, उडी मारली नव्हती. गुडघे दुखायचे थांबले एवढं लख्ख आठवतं. मोबाइल कमरेच्या चेन लावलेल्या खिशात होता, तो काढला नाही. तुम्हीही काढू नका. फोटो त्यांचा माणूस काढतो. सेकंदाला तीन हजार देऊन स्क्रीनकडे काय बघायचं?

पाण्याचे गोळे सोडतात ते तोंडाने झेलायचे. जमलं तर जमलं. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना मळमळ वाटायला लागली तर मागच्या खुर्चीवर जाऊन पट्टा बांधून बसा, लाज बाळगू नका.

९. उतरल्यावर

उरलेला दिवस रिकामा ठेवा. गोळीची झोप येते आणि जिना चढताना पाय दुसऱ्याचे वाटतात. गाडी स्वतः चालवू नका.

पुन्हा जाणार का, असं विचाराल तर मी एकटी नाही. नातू सहा वर्षांचा आहे, त्याला अजून दोन वर्षं घेणार नाहीत. तोवर बँकेत आवर्ती ठेव सुरू केली आहे, महिना चौतीस हजार. चोवीस हप्ते झाले की मोडायची, दंड पडला तरी. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.